दोराचा पीळ आणि भोवरकडी: बचावकार्यातल्या एका छोट्या कडीची गोष्ट

४ जून २०१९ रोजी अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात, पिएस्टेवा शिखराच्या वाटेवर ७४ वर्षांच्या एक बाई पडल्या आणि जखमी झाल्या. त्यांना स्ट्रेचरवर बांधून हेलिकॉप्टरने वर उचलायला सुरुवात झाली. स्ट्रेचर जमिनीपासून सुटलं आणि फिरू लागलं. आधी सावकाश, मग इतकं जोरात की आत माणूस आहे हेही दिसेना. पथकाने तार खाली सोडून फिरणं कमी केलं, पुन्हा वर घ्यायला गेले तर पुन्हा तेच. हा व्हिडिओ जगभर पाहिला गेला, त्यावर विनोदही झाले. बाईंना चक्कर आणि मळमळ झाली. पुढे त्यांनी दावा लावला आणि शहराने साडेचार लाख डॉलर देऊन तो मिटवला.

हा व्हिडिओ अजूनही अधूनमधून व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि दर वेळी कोणीतरी विचारतं की एवढ्या महागड्या हेलिकॉप्टरच्या तारेला एक फिरणारी कडी लावता येत नव्हती का? प्रश्न चुकीचा नाही, पण उत्तर उलटं आहे. कडी असतेच. हेलिकॉप्टरच्या उचल-तारेचा हूक बेअरिंगवर सुटा फिरतो, तशीच त्याची रचना असते. स्ट्रेचर एवढं बिनदिक्कत फिरू शकलं याचं एक कारण ती कडीच.

आपल्याकडे लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र किंवा खोपोलीची यशवंती हायकर्स यांसारखी पथकं दरीतून माणसं वर काढतात तेव्हाही दोर, पुली आणि कॅरॅबिनर (उघडझाप होणारा धातूचा आकडा) यांच्या जोडणीत अशी कडी असू शकते. ती काय करते, काय करत नाही आणि कुठे लावली तर काम बिघडवते, ते पाहू.

भोवरकडी म्हणजे काय?

इंग्रजीत तिला स्विव्हल म्हणतात आणि आपले गिर्यारोहकही तेच म्हणतात. पण खेड्यात वाढलेल्याला ती ओळखीची आहे. गाईच्या दाव्यात भोवरकडी असते. गाय खुंट्याभोवती फेऱ्या मारते, जागच्या जागी वळते, पण दाव्याला पीळ चढत नाही, कारण कडीचा गळ्याकडचा भाग गाईबरोबर फिरतो आणि खुंट्याकडचा भाग जागेवर राहतो. भोवरकडी नसेल तर दावं पिळत पिळत आखडतं आणि संध्याकाळपर्यंत गाईला मान हलवायलाही जागा उरत नाही.

गिर्यारोहणाची भोवरकडी हेच काम करते, फक्त तिच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो. दोन डोळे, मध्ये एक दांडा, आणि दांड्याभोवती छर्ऱ्यांचं बेअरिंग. वरचा डोळा अँकरकडे, म्हणजे कड्यात ठोकलेल्या बोल्टांच्या किंवा झाडा-खडकाला बांधलेल्या पक्क्या आधाराकडे. खालचा डोळा भाराकडे. भार पूर्ण लटकलेला असताना हे दोन भाग एकमेकांपासून स्वतंत्र फिरले पाहिजेत. ‘भार लटकलेला असताना’ हे महत्त्वाचं. हातात घेऊन फिरवली तर स्वस्तातली कोणतीही कडी फिरते. खाली दीडशे किलो लावले की बेअरिंग नसलेली कडी घट्ट बसते आणि नुसता शोभेचा दागिना होते.

दोर मुळात फिरतो कशाला?

कारणं बरीच आहेत आणि ती एकदमच कामाला लागतात.

जुन्या पद्धतीचा तीन पेडांचा दोर पीळ घालूनच बनवलेला असतो. त्याला वजन लावलं की पेड सरळ व्हायला बघतात आणि दोर उलगडताना खाली लटकलेली वस्तू फिरवतो. १९५३ साली एडेलरिड या जर्मन कंपनीने कर्नमँटल दोर आणला. त्यात भार घेणारा गाभा आत असतो आणि बाहेरून विणलेलं आवरण. गाभ्यातले निम्मे पेड उजव्या पिळाचे, निम्मे डाव्या पिळाचे ठेवले की दोघांची ओढ एकमेकांना मारते. म्हणून आजचा दोर स्वभावाने फारसा फिरत नाही.

पण आपण त्याला पीळ घालतो. नवा दोर रिळावरून उलगडताना रीळ गरगरवण्याऐवजी आडवं ठेवून बाजूने वेटोळी ओढली, की प्रत्येक वेटोळ्यामागे एक पीळ. हातावर गोल गुंडाळी केली, तेच. फिगर ऑफ एट या आठाच्या आकाराच्या उतरण्याच्या साधनातून दोर गेला की त्याला वळसे पडतात आणि ते खाली ढकलले जातात. कॅरॅबिनरवर घातलेली मुंटर गाठ दोर पिळण्यात त्याहून वस्ताद. हा साठलेला पीळ दोर मोकळा लटकला, की बाहेर पडू पाहतो.

कड्याला पाय टेकलेले असतील तर माणूस फिरत नाही, पाय त्याला धरून ठेवतात. पण लोणावळ्याजवळच्या नागफणीसारख्या ठिकाणी कडा आत वळला, पाय सुटले, की पिळाला अडवणारं काही उरत नाही. मग वारा, पायाने दिलेला शेवटचा धक्का, एका बाजूला लटकलेली सॅक, सगळं भर घालतं.

भोवरकडी फिरणं थांबवते का?

नाही. एवढं एक नीट समजलं तर बाकीचं आपोआप सुटतं. भोवरकडी फिरणं थांबवत नाही, ती फिरण्याची वाटणी करते. वरचं फिरणं वर, खालचं खाली.

दोर पिळाने फिरत असेल आणि माणूस त्याला बांधलेला असेल, तर मधली कडी दोराला एकट्याला फिरू देते. माणूस बऱ्यापैकी स्थिर राहतो. इथे कडी उपयोगी.

आता उलटं. दोर शांत आहे आणि माणूसच वाऱ्याने किंवा धक्क्याने फिरायला लागला आहे. कडी नसती तर काय झालं असतं? तो पाच-दहा फेऱ्या फिरला असता, दोराला तेवढा पीळ चढला असता आणि त्या पिळाने त्याला हळूहळू अडवून उलटं फिरवलं असतं. अंगाला त्रास झाला असता, पण फिरणं कुठेतरी थांबलं असतं. कडी असेल तर दोर त्याला अडवतच नाही. हवेचा थोडासा विरोध सोडला तर फिरणं चालूच राहतं आणि धक्का मिळत राहिला तर वाढतच जातं.

म्हणून कडी लावायच्या आधी विचारायचं की फिरवणारी गोष्ट कडीच्या वर आहे की खाली? पीळ दोरातून येतोय की भारातून? आणि भार फिरला तर बिघडतं काय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा असं असतं की भार फिरला तरी चालेल, पण दोर एकमेकांत गुंतले तर चालणार नाही. बचावकार्यात कडीचा सर्वांत मोठा उपयोग इथूनच निघतो.

दोन दोर आणि एक स्ट्रेचर

कड्यावरून जखमीला वर घेताना किंवा खाली सोडताना स्ट्रेचर सहसा दोन दोरांवर असतं. एक मुख्य दोर आणि दुसरा जिवाचा दोर, म्हणजे पहिला तुटला किंवा सुटला तर धरणारा. काही पथकं दोन्ही दोरांवर सुरुवातीपासून सारखा भार ठेवतात. पद्धत कोणतीही असो, त्यामागचा हिशेब एकच असतो. दोन दोर एकमेकांपासून स्वतंत्र राहिले तरच ते दोन.

स्ट्रेचर लटकत्या अवस्थेत दहा फेऱ्या फिरलं तर हे दोन दोर एकमेकांभोवती दहा वेळा गुंडाळले जातात. मग वरची माणसं एक दोर ओढतात तेव्हा तो दुसऱ्यावर घासतो. जिवाचा दोर मोकळा सरकत नाही. कड्याच्या काठावर, जिथे दोन दोर शेजारी शेजारी रोलरवरून जायला हवेत, तिथे एक जाड पिळलेला दोरखंड येऊन अडकतो. खाली माणूस, वर काठ आणि मध्ये गुंता. रात्री, पावसात, धुक्यात तो सोडवायचा म्हणजे काय ते ज्यांनी पावसाळ्यातला सह्याद्री पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून दोन्ही दोर जिथे एकत्र येतात त्या जागेच्या खाली आणि स्ट्रेचरचे चार पट्टे जिथे जुळतात त्याच्या वर भोवरकडी लावतात. दोर समांतर राहतात. स्ट्रेचरबरोबर लटकणारा बचावकर्ता त्याला हवं तसं वळवू शकतो. कड्याच्या पोटातून जाताना आडवं, अरुंद घळीत उभं, काठावर आल्यावर पाय आधी की डोकं आधी, हे सगळं दोराला हात न लावता जमतं. इथे भार फिरू शकणं ही अडचण नाही, सोय आहे. आणि तो नको तितका फिरू नये म्हणून बचावकर्त्याचे पाय कड्यावर आहेतच, किंवा खालून धरलेला मार्गदर्शक दोर आहे.

उंच भिंतींवर सामान ओढतानाही हेच. कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटनची भिंत सुमारे ९०० मीटर उंच आहे, आरोहक तिच्यावर कित्येक दिवस राहतात, आणि पाणी, अन्न, झोपायचा मंच भरलेली जड पिशवी मागून ओढून घेतात. पिशवी भिंतीवर आपटते, घरंगळते, फिरते. दोर आणि पिशवी यांच्यात कडी असली की फिरणं पिशवीपाशीच राहतं. पिशवीला चक्कर येत नाही, त्यामुळे हा कडीचा सगळ्यात निर्वेध उपयोग!

पुलीच्या जोडणीत जोर कुठे गळतो?

माणूस वर ओढायचा तर थेट ओढून भागत नाही. पुलीतून दोर फिरवून तिप्पट किंवा पाचपट फायदा घेतात. कागदावर तिप्पट फायद्याच्या जोडणीत २०० किलो उचलायला ६७ किलोची ओढ पुरते.

प्रत्यक्षात घर्षण वाटा घेतं. पुली चांगली असेल आणि दर वळणावर दहा टक्के जोर जात असेल, तर तिप्पटचं होतं २.७१ पट आणि ओढ लागते साधारण ७४ किलो. पुलीऐवजी नुसते कॅरॅबिनर वापरले आणि दर वळणावर चाळीस टक्के गेले, तर १.९६ पट, म्हणजे १०२ किलो. दोन माणसांचं काम आता तीन-चार माणसांचं झालं.

आता याच दोरांना एकमेकांत पीळ पडला असं समजा. दोर पुलीच्या चाकावर सरकण्याआधीच दुसऱ्या दोरावर घासतोय. एवढ्या घासण्यात कोणत्या पुलीचं बेअरिंग किती उत्तम याला काही अर्थ उरत नाही. मग वरून कोणी ओरडतं, ‘अरे ओढा की!’ आणि ओढणारे म्हणतात, ‘ओढतोय, येत नाही!’ दोघेही खरं बोलत असतात.

यावर उपाय म्हणून अनेक पुलींच्या माथ्यावरच भोवरकडी बसवलेली येते. अशी पुली ओढीच्या दिशेकडे स्वतःच तोंड करते. ओढायची दिशा बदलली तरी कॅरॅबिनर आडवा होत नाही, आणि पीळ पडलाच तर पुली हाताने उलटी फिरवून तो काढता येतो, काहीही न सोडता.

मात्र इथेच उलटही होतं. दोन पुलींच्या मधून दोराचे चार-पाच पदर जाणारी जोडणी मोकळी लटकवली, पुली धरून ठेवणारं काही नसेल आणि दोन्ही टोकांना भोवरकड्या असतील, तर खालची पुली मनाला येईल तशी फिरू शकते आणि पदर एकमेकांवर चढतात. ज्या कडीने पीळ काढायचा तिनेच तो घातला. क्रेनवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. क्रेनचा हूक फिरतो, पण हूकच्या वरचा पुलींचा ठोकळा फिरू द्यायचा नसतो. बचावकार्यात तेच करायचं. कडी भाराच्या अगदी जवळ, पदरांच्या खाली ठेवायची. वरच्या कडीचा उपयोग पीळ सोडवण्यापुरता, आणि तिच्यावर कोणाची तरी नजर हवी.

मग फिनिक्समध्ये नेमकं काय झालं?

हेलिकॉप्टरची उचल-तार साधारण पाच मिलिमीटर जाडीची पोलादी असते. आतले पेड एका दिशेने आणि बाहेरचे उलट दिशेने वळून ती शक्यतो न फिरणारी बनवलेली असते. एका प्रचलित रचनेत १९ पेड असतात, प्रत्येकात ७ तारा, म्हणजे १३३ बारीक तारा. अशा तारेला जबरदस्तीने पीळ घातला तर पेड सैल होतात आणि तार निकामी होते. ती निकामी झाली तर खालचा माणूस आणि उद्याचा माणूस, दोघेही धोक्यात. म्हणून तारेचा हूक बेअरिंगवर फिरतो. फिरण्याची वेळ आलीच तर फिरायचं भाराने, तारेने नाही.

आता हेलिकॉप्टर हवेत राहतं ते आपल्या वजनाइतका जोर लावून हवा खाली ढकलत. लांबट स्ट्रेचर त्या झोतात टांगलं की त्याच्या दोन टोकांवर हवा सारखी पडत नाही. एका टोकाला जरा जास्त ढकललं गेलं की फिरणं सुरू. तारेकडून अडवणूक नाही, कारण मध्ये कडी आहे. झोत थांबत नाही. वेग चढत जातो.

किती त्रास होतो याचा हिशेब शाळेतल्या गणिताने करता येतो. स्ट्रेचर मधोमध टांगलेलं आहे आणि डोकं केंद्रापासून ८० सेंटिमीटरवर आहे असं धरू. सेकंदाला एक फेरी झाली तर डोक्यापाशी बाहेरच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सव्वातीन पट ओढ बसते. पायांकडेही तशीच, विरुद्ध दिशेने. रक्त दोन्ही टोकांना जातं.

हे होऊ नये म्हणून टॅगलाईन असते. स्ट्रेचरच्या एका टोकाला बांधलेला लांब दोर जमिनीवरचा माणूस तिरका धरून ठेवतो. खालचं फिरणं खालूनच अडवायचं, एवढी साधी ही गोष्ट. फिनिक्समध्ये हाच दोर कामाला आला नाही. या दोराला मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवतात, कारण तो झाडात किंवा खडकात अडकला तर हेलिकॉप्टर जमिनीला बांधलं जाईल. त्यापेक्षा तो तुटलेला बरा. म्हणजे टॅगलाईन तुटणं ही शक्यता तिच्या रचनेतच धरलेली असते, आणि ती तुटल्यावर काय करायचं याचा सराव लागतो. हेलिकॉप्टर पुढे न्यायचं, म्हणजे झोत मागे पडतो आणि समोरून येणारी हवा स्ट्रेचरला एका दिशेत धरते. तारेची लांबी बदलूनही फरक पडतो.

कोलोरॅडोतल्या व्हिटा इन्क्लिनाटा या कंपनीने स्ट्रेचरला जोडायचे विजेवर चालणारे पंखे काढले आहेत. फिरणं सुरू झालं की ते उलट दिशेने हवा सोडून थांबवतात. काम चांगलं आहे, पण तिथेही भोवरकडी काढून टाकलेली नाही. तारेसाठी ती हवीच.

   

साध्या चढाईत आणि रॅपलिंगला लागते का?

बहुतेक वेळा नाही. सुळका चढताना दोर हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधलेल्या पट्ट्याला, थेट गाठीने बांधलेला असतो, तिथे मध्ये काहीच घालायचं नसतं. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, फिरायचा त्रास होत असेल तर आधी दोर नीट उलगडून टाका, खालचं टोक मोकळं ठेवा म्हणजे पीळ तिथून निघून जाईल, आणि फिगर ऑफ एटऐवजी दोराला वळसे न घालणारं साधन वापरा. नव्वद टक्के तक्रार तिथेच मिटते, हे माझं मत. हार्नेस आणि उतरण्याचं साधन यांच्यात कडी घातली तर साधन हातापासून दूर जातं आणि माणूस फिरू लागला तर अडवणारं काही राहत नाही. नवशिक्यासाठी तर मुळीच नको.

व्हॅली क्रॉसिंगमध्ये मात्र तिला जागा आहे. आडव्या ताणलेल्या दोरांवर पुलीची गाडी चालते आणि माणूस खाली लटकतो. तो वळला तर गाडी वाकडी होऊ नये म्हणून मध्ये कडी घालतात. झिपलाईनला पुन्हा उलट विचार. वेगाने येणारा माणूस अर्ध्या वाटेत पाठमोरा झाला तर ब्रेकपाशी तो पाठीने पोहोचतो. म्हणून तिथे त्याला वळू न देणारी दांडी किंवा दोन ठिकाणी टांगण्याची पद्धत वापरतात.

बाकी छोट्या जागा आहेत. क्लाइंबिंग भिंतींवरच्या आपोआप दोर घेणाऱ्या यंत्राच्या पट्ट्याच्या टोकाला कडी असते. युरोपात कड्यांवर लोखंडी तार लावलेल्या वाटांवर वापरायच्या दोन फांद्यांच्या पट्ट्यांमध्ये काहींना असते, फांद्या गुंतू नयेत म्हणून. बर्फातल्या कुऱ्हाडींच्या लवचिक दोऱ्यांनाही असते, पण ती कडी कुऱ्हाड हरवू नये एवढ्यासाठी आहे. तिच्यावर पडायचं नाही.

जोडणीत आणखी एक कडी म्हणजे आणखी एक तुटायची जागा नाही का?

खरं आहे. जोडलेली प्रत्येक वस्तू तपासावी लागते, तिचं वजन होतं आणि तिच्यामुळे जोडणीची लांबी वाढते. काठावर स्ट्रेचर वर घेताना हातभर लांबीही नडते. त्यामुळे ‘असू दे, कामाला येईल’ म्हणून ती लावू नये.

ताकदीचं म्हणाल तर भीती थोडी अनाठायी आहे. धातूच्या साधनांची ताकद किलोन्यूटनमध्ये कोरलेली असते. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलो वजनाची ओढ. युरोपीय मानकाप्रमाणे सामान्य कॅरॅबिनर लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन सोसतो, आडवा ओढला गेला तर मात्र ७ च. स्ट्रेचर, जखमी आणि बचावकर्ता मिळून अडीच किलोन्यूटनच्या आसपास भार होतो. चांगली भोवरकडी कॅरॅबिनरच्या तोडीची किंवा त्याहून मजबूत असते. उलट ती नसताना पीळ चढून कॅरॅबिनर आडवा झाला, तर २० चे ७ होतात, आणि ते दुरून दिसतही नाही.

कडी तुटलीच तर? म्हणून तिला वळसा घालणारा सैल पट्टा लावावा, असं काही पथकं मानतात. विचार चांगला आहे, पण पट्टा कडीभोवती गुंडाळतो आणि काही फेऱ्यांत ताठ होतो. मग कडी असून नसल्यासारखी. दुसरी पद्धत म्हणजे दोरांच्या गाठींना लांब शेपूट ठेवून ते थेट जखमीच्या आणि बचावकर्त्याच्या हार्नेसला बांधायचं. तेही गुंडाळतं, पण लांब असल्याने जास्त फेऱ्या सोसतं. मला ही दुसरी पद्धत बरी वाटते. मात्र स्ट्रेचर फार फिरणार नाही याची खात्री असेल तिथेच.

हार्डवेअरच्या दुकानातली चालेल?

नाही. झोपाळ्याच्या, कुत्र्याच्या साखळीच्या, मासेमारीच्या कड्या दिसायला सारख्या असतात, किंमत दहावा हिस्सा असते आणि त्यावर बऱ्याचदा काहीच कोरलेलं नसतं. काहींवर आकडा असतो, पण तो तुटण्याचा की रोज वापरण्याचा हे कळत नाही. गिर्यारोहणाच्या साधनावर तुटण्याची ताकद देतात आणि उद्योगातल्या साधनावर बहुधा वापरायची मर्यादा. दोन आकडे एकत्र तोलले की हिशेब चुकलाच.

खरी कडीही पारखून घ्यावी लागते. काहींचे डोळे फक्त कॅरॅबिनरसाठी असतात, कडा धारदार. त्यांत दोर किंवा पट्टा थेट ओवला तर तो कापला जातो. काहींचे डोळे गोलसर घडवलेले असतात, त्यांत चालतो. एकाच माणसाच्या भाराची कडी आणि दोन माणसांची कडी वेगळी येते, फरक पेटीवर लिहिलेला असतो आणि पेटी पहिल्याच दिवशी फेकली जाते.

आपल्याकडचा पावसाळा बेअरिंगचा वैरी. लाल चिखल, धबधब्याचं पाणी, कोकणात खारी हवा. बरीच बेअरिंगं बंदिस्त असतात, तरी मोहिमेनंतर कडी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. मग तिला एका माणसाचं वजन लावून फिरवून पाहावी. खरखर लागली, अडखळली, दांडा बाजूला हलला, किंवा दोन भागांमधली फट पूर्वीपेक्षा मोठी दिसली, तर ती सामान ओढायलाही ठेवू नये. गटाच्या पेटीत ठेवलेली बाद कडी वर्षभराने कोणीतरी नवीन माणूस चांगली समजून काढतो, म्हणून करवतीने कापूनच टाकावी.